दाराशी उभं असलेलं माणूस

पुण्यात घरांच्या दारांना वायरलेस कुलपं बसवायची आणि ती घरातल्या दिव्या-पंख्यांच्या यंत्रणेला जोडून द्यायची, हे माझं काम. आधी इंटरकॉम आणि व्हिडिओ डोअर फोनच्या वायरी ओढायचो, त्यातूनच इकडे आलो. नवीन गिऱ्हाइकाचा फोन आला की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : "ऑफिसमधून दार उघडता येईल ना?" येतं. पण या कामात मी जे काही शिकलो ते दुसऱ्याच एका प्रश्नाभोवती फिरत राहिलं आहे. दाराशी जे माणूस उभं आहे, त्याला ते दार कुणाची वाट न बघता उघडता येईल ना? पुढचे मुद्दे त्यातूनच सुचलेले आहेत. क्रम मी लावलाय, तुमचा वेगळा असू शकेल.

१. कुलपाच्या आधी दार बघावं लागतं.

रेडिओ, ॲप, सुरक्षा या सगळ्यांच्या आधी सुतारकाम येतं, हे मला आमच्या मिस्त्रींनी शिकवलं. बॅटरीवर चालणाऱ्या कुलपातली मोटर बोटभर असते. चार पेन्सिल सेलच्या जोरावर तिला बोल्ट आत-बाहेर सरकवायचा असतो आणि तिची ताकद तेवढ्यापुरतीच बेतलेली असते. उन्हाळ्यात बसवलेलं कुलूप मे महिना संपेपर्यंत अलगद चालतं. जूनमध्ये पाऊस लागला की लाकूड फुगतं, दार चौकटीला घासायला लागतं, बोल्टचं तोंड आणि चौकटीवरच्या पट्टीतलं भोक यांची गाठ नीट पडत नाही. हाताने कुलूप लावणारं माणूस नकळत दाराला गुडघ्याने जरा रेटतं आणि काम भागतं. मोटरला गुडघा नसतो. ती अडते, मागे येते, पुन्हा जोर लावते आणि वर्षभर पुरतील असे सेल पावसाळ्यातच संपवून टाकते. घरातली मंडळी म्हणतात, नेटवर्कचा काहीतरी घोळ आहे.

मिस्त्रींची रीत अशी : बोल्टच्या टोकाला खडू फासायचा, दार लावायचं, बोल्ट बाहेर काढून पुन्हा आत घ्यायचा. मग दार उघडून पट्टीवर पांढरं कुठे उमटलंय ते बघायचं. बरोबर तेवढ्याच जागी कानस फिरवायची, आधी हलक्या हाताने. बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार खाली बसलं असेल, तर कानस बाजूला ठेवून आधी लांब स्क्रू घालायचे. हे बघितल्यापासून मी खोकं लगेच उघडत नाही. दार उघडतो, लावतो, एका बोटाने लागतंय का बघतो. लागत नसेल तर त्या दिवशी कुलूप बसत नाही, मिस्त्री येतात.

२. वायरलेस कुलूप जवळजवळ सगळा वेळ झोपलेलं असतं.

मला वाटायचं, ते बिचारं रात्रंदिवस कान देऊन बसत असेल. तसं बसलं तर सेल फार दिवस टिकायचे नाहीत. झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीच्या कुलपांत सोय अशी असते की कुलूप साधारण सेकंदातून एकदा क्षणभर जागं होतं, आपल्याला हाक आली आहे का ते ऐकतं आणि नसेल तर पुन्हा झोपतं. दार उघडायचा निरोप पाठवताना हब, म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना जोडणारी पेटी, आधी तेवढा वेळ हाक मारत राहतो. ॲपवर बोट ठेवल्यापासून मोटरचा आवाज येईपर्यंत जो सेकंदभर जातो, तो या उठण्यात जातो. हे मी घरच्यांना आवर्जून सांगतो, कारण त्या सेकंदात धीर सुटून लोक बटण परत दाबतात आणि उघडलेलं दार पुन्हा लागतं.

थेट वाय-फायवर चालणारी कुलपं सेल जास्त खातात. म्हणून बऱ्याच कुलपांत नुसतं ब्लूटूथ असतं आणि वाय-फायचं ओझं सॉकेटमध्ये बसणाऱ्या एका छोट्या ब्रिजवर टाकलेलं असतं. आणि सेल साधे अल्कलाइनच घालावेत. त्यांचा दाब दीड व्होल्टपासून हळूहळू उतरतो, त्या उतारावरून कुलूप किती जीव शिल्लक आहे ते ओळखतं. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टवर बराच काळ तग धरतो आणि मग एकदम कोसळतो. इशारा मिळायच्या आत कुलूप मुकं होतं आणि आपण पिशव्या घेऊन बाहेर उभे राहतो.

३. परदेशातून बॅगेत आलेलं कुलूप समोर ठेवतात, तेव्हा "नाही" म्हणणं फार जड जातं.

ते मुलाने किंवा सुनेने प्रेमाने आणलेलं असतं. पण झेड-वेव्ह हे कोपनहेगनच्या झेनसिस कंपनीत जन्मलेलं तंत्र जगभर चालत असलं, तरी प्रत्येक प्रदेशात त्याला नेमून दिलेली लहर वेगळी आहे. अमेरिकेत ९०८.४२ मेगाहर्ट्झ, युरोपात ८६८.४२ आणि भारतात ८६५.२. अमेरिकेतलं कुलूप भारतातल्या हबला ऐकूच येत नाही. मग हबही तिकडचाच आणू, असं कुणी म्हणतं. पण अमेरिकेतली ती लहर आपल्याकडे मोबाइल सेवेच्या पट्ट्यात येते, तिथे घरगुती यंत्र चालवायची परवानगी नाही. शिवाय तिकडच्या कुलपाला दारात दोन इंचांहून जरा मोठं गोल भोक लागतं, ते आपल्याकडच्या लोखंडी सेफ्टी डोअरला कुठे पाडणार? झिगबी, ब्लूटूथ आणि वाय-फाय मात्र २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि तो पट्टा सगळीकडे खुला आहे. आणायचंच असेल तर त्यातलं आणा, एवढं मी फोनवरच सांगून ठेवतो.

४. आपल्या घरातल्या प्रत्येक सॉकेटला बटण असतं, आणि या एका गोष्टीने जाळं तुटतं.

झिगबी किंवा झेड-वेव्हमध्ये निरोप हातोहात पुढे जातो : हबकडून प्लगकडे, प्लगकडून दिव्याकडे, तिथून कुलपाकडे. मात्र हे पोस्टमनचं काम सतत विजेवर असलेली उपकरणंच करतात. सेलवर चालणारी स्वतःपुरतं बोलतात आणि झोपतात. हब टीव्हीच्या कपाटात, मध्ये काँक्रीटच्या भिंती, शेवटी लोखंडी जाळीचं दार, अशी आपल्या फ्लॅटची रचना. म्हणून दाराजवळ एक स्मार्ट प्लग लावला की कुलपाला आधार मिळतो. आणि मग घरातली मंडळी चार दिवस गावाला जातात. निघताना आई सवयीने सगळी बटणं बंद करते, गॅसचा कॉक फिरवते, देवाला नमस्कार करते आणि कुलूप लावते. दाराजवळचा तो प्लगही बंद होतो. ज्या चार दिवसांसाठी लांबून दार बघायची सोय केली, नेमकी त्याच दिवसांत ती मरते.

आईचं चुकतं असं मला कधीच वाटलं नाही. शॉर्ट सर्किटची भीती खरी आहे आणि ती शिस्त चांगली आहे. त्यामुळे मी आता तो प्लग पीओपीच्या छताच्या वर किंवा शू-रॅकच्या मागे, स्वतंत्र एमसीबीवर घेतो, जिथे कुणाचा हात सहज जात नाही.

५. दार आणि फोन एकाच घरात असताना त्यांचं बोलणं समुद्रापलीकडून व्हायची गरज नाही.

स्वस्त यंत्रणांमध्ये तसंच होतं. सोफ्यावर बसून बटण दाबलं की निरोप कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून तुमच्या दाराकडे परत येतो. इंटरनेट बंद पडलं की बटण मुकं. आपल्याकडे लाइट जाते, राऊटर बंद होतो, इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूब असते पण राऊटर घ्यायचं कुणाला सुचलेलं नसतं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत लॉकस्टेट कंपनीने चुकीच्या मॉडेलचं सॉफ्टवेअर हवेतून पाठवलं आणि सुमारे ५०० कुलपं निकामी झाली. त्यांतली बरीच भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांची होती. किल्ली होती म्हणून ती दारं उघडता आली. ती बातमी वाचल्यापासून मी घरातल्या घरात चालणारी यंत्रणाच सुचवतो. २०१३ पासून चालत आलेलं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर त्या जातीचं आहे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेलं मॅटर हे मानकही घरातल्या नेटवर्कवरच बोलतो. इन्व्हर्टरवर पहिली वायर राऊटर आणि हबची. पंखा नंतर.

६. सगळ्यांचा अंगठा उठत नाही.

बोटाच्या ठशाचं कुलूप लोकांना फार आवडतं, मलाही आवडायचं. एका घरी मालकीणबाई, त्यांची दोन्ही मुलं, सगळ्यांची बोटं नोंदवून झाली आणि धुण्याभांड्याच्या मावशींची पाळी आली. त्यांनी बोट ठेवलं, लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवलं, लाल. मी म्हटलं, जरा दाबून ठेवा. लाल. दुसरं बोट, तिसरं बोट. आम्ही सगळे भोवती उभे राहून बघत होतो आणि त्या अवघडून हसत म्हणाल्या, "राहू दे हो. रेशनच्या मशीनवर पण माझा अंगठा उठत नाही."

साबण, राख, तारेची घासणी आणि पाणी यांनी बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. शेतात राबलेल्या माणसाचं तेच, गवंड्याचं तेच. म्हातारपणी कातडी कोरडी पडते तेव्हा हिवाळ्यात आजोबांचंही तेच. ज्यांनी हाताने सगळ्यांत जास्त काम केलं, त्यांचीच ओळख यंत्राला पटत नाही, ही गोष्ट मी त्या दिवशी मनावर घेतली. आम्ही त्यांना आकड्यांचा कोड दिला. तो त्यांनी स्वतः निवडला. टाकताना मी आणि मालकीणबाई दोघंही पाठमोरे उभे राहिलो. "लक्षात राहील ना मावशी?" असं धाकट्याने विचारलं, तर त्यांनी आपल्या सगळ्या घरांचे फोन नंबर घडाघडा म्हणून दाखवले.

आता मी घरात शिरल्यावर आधी विचारतो की दार कोण कोण उघडणार आहे, आणि ठसे घ्यायला सुरुवात त्यांतल्या सगळ्यांत राबलेल्या हातांपासून करतो. तिथे अडलं तर सगळ्यांसाठीच कोड. एकट्या मावशींना वेगळी वागणूक नाही.

७. कुलूप नोंद ठेवतं, आणि ती नोंद वाचायची सवय लागते.

कोण किती वाजता आलं, कुठल्या कोडने आलं, दार किती वेळ उघडं होतं. दहावीतल्या मुलीचे आई-वडील, सासू-सून, भाडेकरू-घरमालक, सगळ्यांच्या हातात हे आयतं येतं. आठ ते अकरा एवढाच वेळ चालणारा कोडही देता येतो. पण मावशींची पीएमपीची बस चुकली आणि त्या अकरा वाजून पाच मिनिटांनी पोहोचल्या, तर शेजाऱ्यांदेखत दार त्यांना "नाही" म्हणतं. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा माणसाच्या खासगी, घरगुती वापराला लागू होत नाही. म्हणजे इथे जे काही जपायचं ते आपल्या आपणच.

मी दोन गोष्टींचा आग्रह धरतो. नोंद होते हे, ज्याची नोंद होणार आहे त्याला तोंडावर सांगायचं. आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की फोन वाजेल अशी सूचना रोजच्या माणसांसाठी बंद ठेवायची. काहीजण यावर नाराज होतात. त्यांना मी समजावतो, तरीही नको असेल तर त्यांच्या मनासारखं करून देतो. घर त्यांचं आहे. पण सांगायचं सोडत नाही.

८. हॅकरची भीती वाटते ती एकीकडे, आणि भोक असतं भलतीकडे.

कच्चे दुवे खरे आहेत, ते मी लपवत नाही. २०१६ च्या डेफ कॉन या हॅकर परिषदेत दोन संशोधकांनी १६ ब्लूटूथ कुलपं तपासली आणि त्यांतली १२ उघडून दाखवली. काही तर पासवर्ड उघड्या अक्षरांत हवेत सोडत होती. २०१८ मध्ये ब्रिटनच्या पेन टेस्ट पार्टनर्स या सुरक्षा कंपनीने दाखवलं की झेड-वेव्हचं नवं कुलूप जोडणीच्या वेळी फसवून जुन्या सुरक्षापद्धतीवर उतरवता येतं, आणि त्या जुन्या पद्धतीत मुख्य किल्ली पाठवताना तिला झाकणारी चावी म्हणजे नुसते सोळा शून्य होते. म्हणून जोडणी झाल्यावर ती नव्या एस-टू सुरक्षेवर झाली की जुन्या एस-झिरोवर, हे मी हबच्या पडद्यावर वाचूनच पुढे सरकतो. २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षा कंपनीने मालकाचा फोन लांब असताना त्याचा ब्लूटूथ संदेश पुढे पोहोचवून कुलूप उघडलं. त्यामुळे फोन जवळ आला की आपोआप उघडणारं दार मी कुणाला देत नाही, ॲपवर बोट ठेवायला सांगतो. आवाजाने उघडायची सोय असेल तर त्याला पिन हवाच. खिडकीतून ओरडणाऱ्याचा आवाजही आत ऐकू येतो.

एवढं सगळं करून बाहेर पडताना कोड विचारला, तर तो मुलाचं जन्मसाल निघतो. किंवा की-पॅडवर चारच आकडे चकचकीत झालेले असतात आणि बाकीच्यांवर धूळ. बऱ्याच कुलपांत खऱ्या कोडच्या आधी आणि नंतर वाटेल ते आकडे दाबता येतात. ही सवय लावायला पैसे पडत नाहीत आणि डाग सगळ्या बटणांवर सारखे पसरतात.

९. आतून बाहेर पडायला काहीही लागू नये.

कोड नको, फोन नको, लाइट नको, नुसती मूठ फिरवली की दार उघडलं पाहिजे. ऑफिसातलं चुंबकाचं लॉक लाइट गेली की सुटतं, घरातलं सेलवरचं कुलूप तसंच लागलेलं राहतं. आग लागली तर धुरात ॲप कोण शोधणार? यात मी तडजोड करत नाही.

१०. लांबून उघडता येणारं दार आणि आतली कडी यांचं जमवून द्यावं लागतं.

कोथरूडला एक आजी एकट्या राहतात, मुलगा सिॲटलला. आजींना काही झालं तर तिथून दार उघडता यावं, शेजारच्या काकू आत जाऊ शकाव्यात, एवढ्यासाठी त्याने कुलूप बसवून घेतलं. मी सगळं जोडून दिलं, त्याने व्हिडिओ कॉलवर तिथून उघडून बघितलं, मोटर फिरली आणि दार काही उघडेना. आजींनी आतून कडी लावली होती.

"आई, कडी लावायची नाही आता. हे कुलूप आहे ना."

"कडी लावल्याशिवाय मला झोप लागत नाही रे."

तो चिडला नाही, पण हताश झाला. मी मध्ये बोलावं की नाही कळेना. सोपा उपाय होता, कडी काढून टाकायची. चार स्क्रू. पण मी आजींना विचारलं की रात्री कशाची भीती वाटते. त्यांनी सांगितलं की भीती अशी नाही, पण कडीचा आवाज झाला की दिवस संपला असं वाटतं, यांच्या वेळेपासून तसंच आहे. आणि हेही म्हणाल्या की लांबून कुणीतरी दार उघडू शकतं, मग तो मुलगा का असेना, या विचाराने त्यांना रात्री जाग येत होती. हे त्यांनी मुलाला सांगितलं नव्हतं. कॉल चालू असताना माझ्याकडे बघून सांगितलं, म्हणजे त्यालाही ऐकू गेलं.

मग आम्ही तिघांनी दिवस मोजला. त्यांना चक्कर येते ती सकाळी, उठल्यावर किंवा आंघोळीच्या वेळी. सकाळी त्या साडेसहाला दूध घ्यायला दार उघडतात. ठरलं असं की रात्री कडी राहील. सकाळी दूध आत घेतलं की कडी परत लावायची नाही, आंघोळ होईपर्यंत नुसतं कुलूप. इथे सकाळ म्हणजे तिथे आदली संध्याकाळ, मुलगा जागा असतो, त्याने सातला फोन करायचा. उचलला नाही तर काकूंना फोन, आणि काकू दाराशी पोहोचल्यावरच कुलूप उघडायचं. लांबून उघडलं की आत एक घंटी वाजेल अशीही सोय केली, म्हणजे आजींना कळेल. उरली रात्र. रात्री काही झालं तर कुलूप कामाचं नाही, हे त्यांनी समजून घेतलं आणि उशाशी फोन ठेवायचं कबूल केलं. मुलाला ते पुरेसं वाटलं नाही. आजींना वाटलं.

११. सेल काढल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मी समजत नाही.

सगळं जोडून झालं, चहा झाला की मी कुलपातले सेल काढून खिशात टाकतो आणि घरातल्या सगळ्यांना बाहेर उभं करतो. दार बंद. आता उघडा. कुलपाच्या खालच्या कडेला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायच्या दोन टिकल्या असतात, नाहीतर टाइप-सीचं भोक असतं, पॉवर बँक लावली की कुलूप जागं होतं आणि कोड घेतं. तेही नसेल तर झाकणीमागे किल्लीचं भोक असतं. किल्ली कुठे आहे विचारलं की बहुतेक घरांत उत्तर येतं, "आत कपाटात." मग ती त्याच दिवशी शेजाऱ्यांकडे किंवा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये जाते. वयाने सगळ्यांत मोठं माणूस आधी उघडून बघतं, मग मावशी असतील तर त्या, मग बाकीचे. प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने उघडलं की मी सेल परत घालतो आणि बिल काढतो.